नदीची वाटणी

पायऱ्या अकरा होत्या. धनुबाईने काठावर उभं राहून दोनदा मोजल्या आणि दोन्ही वेळा तीनच भरल्या.

रनाळ्याहून आलेली गाडी अजून दारात सुटायची होती, हातातलं गाठोडं हातातच होतं. पण नंदुरबारला माहेरी आलं की आधी मागच्या दाराने नदीवर जायचं आणि मग घरात, ही तिची तीस वर्षांची रीत. भावांपेक्षा नदी बरी. पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी ती दुसऱ्या भावाची तक्रार सांगत नाही. यंदा मात्र नदीनेही तक्रारच मांडून ठेवली होती. चौथ्या पायरीपासून खाली गाळ, गाळात पाणकणसं, त्यांच्यावर चुलीची राख, झिजलेल्या केरसुण्या, फुटके माठ, कुठल्याशा खाटेचे दोन पाय. आणि या सगळ्याच्या पलीकडे, चांगलं निरखून पाहिलं तर, करंगळीएवढी पाताळगंगा.

थोरला भाऊ चुडामण मागे दातण करत उभा होता.

"दादा, पायऱ्या कोठे गयात?"

"आठेच शेत. दखाई नही ऱ्हायनात, इतलंच."

"आन हाऊ उकिरडा कोना?"

चुडामणने दातण एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "पूरना."

"पूर लई जास, दादा."

"औंदा लई उना."

यात खोटं काही नव्हतं. घरातलं जे जे नको ते नदीत टाकावं आणि आषाढात पुराने ते खालच्या गावांना पोचवावं, अशी या काठची व्यवस्था होती. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण तक्रार करणारे खालच्या गावांत राहत. यंदा पूर दोनदा आला, वरच्या आळ्यांचं सामान पायऱ्यांवर उतरवून ठेवलं, आणि घरच्या सामानाला हात न लावता निघून गेला. मग पावसाने तीन आठवडे पाठ फिरवली. जे होतं ते पक्कं वाळलं.

संवत छप्पनच्या दुष्काळातून माणसं कशीबशी उभी राहिली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या वडिलांनी, बापूंनी, या पायऱ्या बांधल्या, तेव्हा धनुबाई बारा वर्षांची होती. पहाटे पुरुष पोहायला उतरत आणि नदीत नाकापर्यंत बुडून गावच्या कारभारावर बोलत. त्यानंतर धुणं. दुपारी म्हशी, आणि म्हशींना कोणी घाई करत नसे. उन्हाळ्यात वाळूत डांगराचे वेल, झिऱ्याचं गोड पाणी. संध्याकाळी सगळा मोहल्ला नुसता येऊन बसे. कोणी काही करत नसे, आणि तेच करायला आलेलं असे. सातव्या पायरीवरून उडी मारली की पाय तळाला लागत नसत. धनुबाई दहाव्या दिवशी सातवीवरून उडी मारायला शिकली आणि चुडामण अजून शिकायचा होता. हे तो विसरला होता. ती नव्हती.

"रविवारी कानबाई शे," ती म्हणाली. "सोमवारी शिळाव्वाले कोठे उतरसूत?"

चुडामणने दातण नदीत फेकलं आणि घरात गेला.

*

गेल्या दिवाळीत या घराच्या तीन चुली झाल्या, तेव्हा वाटण्यासारखं सगळं वाटून झालं होतं. जमीन, बैल, विहिरीचे दिवस. बापूंचा एकुलता एक फोटो चार-चार महिने फिरता ठरला. आईची लोणच्याची मोठी तपकिरी बरणी तिघांनाही हवी होती. तीन दिवस ओढाताण झाली, चौथ्या दिवशी बरणीचा गळा तुटला आणि मग ती कोणालाच नको झाली. वाटायची राहिली ती फक्त कानबाई. श्रावणात देवी एकाच चौरंगावर बसते, सगळ्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू काढून एकाच जात्यावर नैवेद्याच्या रोटाचं दळण होतं, आणि दुसऱ्या दिवशी देवी डोक्यावरून नदीला जाऊन पाण्यात टेकते, म्हणजेच शिळावते. बापूंनी अकरावी पायरी त्यासाठीच बांधली होती.

या वर्षी पायरीशी देवी नीट शिळावली नाही, तर पुढच्या साली मी आपली कानबाई वेगळी बसवीन, असं चुडामण आषाढातच बोलून बसला होता. त्यावर मधला मगन म्हणाला, तुमचीच काय, माझीही वेगळी. धाकटा उखा दोघांच्या मागे पडायला नको म्हणून तिसरी बोलून गेला.

धनुबाईला धास्ती होती ती याची. तिच्या जावेचं माहेर कोरीटला. तिथे दोन भावांच्या दोन कानबाया झाल्या. पहिल्या वर्षी दोघांनीही बहिणीला बोलावलं. दुसऱ्या वर्षी दोघांनाही वाटलं, दुसऱ्याने बोलावलं असेल. तिसऱ्या श्रावणात जाऊ रनाळ्याच्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होती आणि कोणी विचारलं की म्हणत होती, औंदा पाऊस नही, म्हनीसन गई नही.

धनुबाईला वर्षाचे आठ दिवस हवे होते. जमीन नको, बैल नकोत, फोटो नको. पण हे तिने कोणाला सांगितलं नाही. या घरात कोणाला काय हवं आहे हे कळलं की त्याची आधी वाटणी होत असे.

*

"मी म्हनस," दुपारी तिघांना एका ओट्यावर बसवून ती म्हणाली, "तिन्ही भाऊ मिळीसन दोन दिवस पावडं हातमा धरा. पायऱ्या मोकळ्या व्हतीन."

"मिळीसन?" मगनने विचारलं. मगन सावकाश बोलत असे, आणि समोरच्याने काहीतरी लपवलं आहे अशा नजरेने ऐकत असे. "मंग कोनी कितला खोदा, हाई कोन दखी?"

"मी दखसू."

"तू आठ दिवसनी पाव्हनी, आक्का. गाळ बारा महिनाना शे."

"मोजीसन वाटी ल्या ना," उखा म्हणाला. हा घरातला शहाणा. त्याच्या शहाणपणाने या घराचं आजवर जे नुकसान झालं ते पुराने झालं नसतं.

पण सूचना तिघांनाही एकाच वेळी पटली. तिघांचं एकमत धनुबाईने बापूंच्या तेराव्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला बरं वाटलं नाही. चुडामणने आतून दोर आणला. शेतं मोजलेला तोच दोर, त्याला अजून दिवाळीची माती होती. घराच्या मागची नदी शहाण्णव हात भरली. बत्तीस-बत्तीस हातांवर बांबूच्या खुंट्या ठोकल्या. वरचा वाटा चुडामणचा, मधला मगनचा, खालचा उखाचा.

पलीकडच्या काठावर मोहल्ला जमला होता. त्या साली गावात तमाशा आला नव्हता.

"पायऱ्या मन्हा वाटामा उन्यात," मगन म्हणाला. "पायऱ्या बठ्ठास्न्या, आन खोदाना मी एकलाच?"

"तुले पायऱ्या भेटन्यात, ते बोल नही," चुडामण म्हणाला.

"मन्हा वाटा खाले शे," उखा म्हणाला. "दोन्हीस्ना गाळ माले येई."

"तू खाले शे त्याले मी काय करू. पानी खालेच जास."

"मासा कोना?" पलीकडून शेंगा खाणाऱ्या एकाने विचारलं. "वरना वाटामाईन खालना वाटामा गया तर?"

तिघा भावांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. धनुबाई खाली मान घालून घरात गेली.

*

शुक्रवारी सकाळी काम जोरात सुरू झालं. तिघंही भाऊ लंगोट लावून गुडघाभर गाळात उतरलेले पाहून धनुबाईला वाटलं, आपण उगाच घाबरलो. चुडामणच्या वाट्यात तिला ती बरणी दिसली. तीच, आईची. गळा तुटलेला, बूड शाबूत, गाळात कलंडून तोंड वर करून पडलेली. उचलावी असं मनात आलं, पण वाट्यातली वस्तू. नको.

दुपारी ती भाकरी घेऊन आली तेव्हा बरणी मगनच्या वाट्यात होती.

दिवे लागायच्या आधी उखाच्या.

शनिवारी सकाळी बरणी पुन्हा चुडामणच्या वाट्यात, काल होती तिथून दोन हात अलीकडे, तशीच कलंडून बसली होती.

धनुबाई पायरीवर बसली आणि तिने हिशोब लावला. चुडामण आपला गाळ उपसून खुंटीपलीकडे मगनच्या हद्दीत लोटत होता. मगन तो पुढे उखाकडे. उखाच्या खाली रंगाऱ्यांचा धुण्याचा घाट. तिथे गाळ लोटला तर आठ दणकट माणसं लाकडी मोगऱ्या घेऊन वर येतील, हे उखाच्या शहाणपणालाही कळत होतं. म्हणून भरदुपारी चुडामण जेवून आडवा झाला की उखा टोपल्या भरभरून काठाकाठाने वर नेत होता आणि थोरल्याच्या वाट्यात रिकाम्या करत होता. तिघंही मनापासून काम करत होते. तिघांच्याही हाताला फोड आले होते. गाळ होता तेवढाच होता, फक्त मऊ झाला होता.

दीड दिवसात बरणीने तिन्ही भावांचा पाहुणचार घेतला. धनुबाईला तीस वर्षांत एका खेपेला दोघांकडे जेवणं जमलं नव्हतं.

"उखा," तिने हाक मारली. "हाई बरणी वर कशी गई?"

"गई व्हई, आक्का."

"एकली?"

"नदी शे. काय सांगता येस."

"नदी उलटी वाही ऱ्हायनी का?"

उखाने नदीकडे पाहिलं. ती अजिबात वाहत नव्हती. "आते ते थांबेल शे," तो म्हणाला.

*

स्वयंपाकघरात रोटाचे गहू निवडणं चाललं होतं. चौदा पुरुष, चौदा ढिगल्या. गहू जावांनी निवडायचे, दळण नणंदेने मदतीला बसून दळायचं, आणि रोट फक्त या घरच्यांनीच खायचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीला त्यातला कणही चालत नाही. तीस वर्षं धनुबाई जातं ओढत होती आणि चव कशी असते हे तिला आता आठवत नव्हतं.

"एक बी दाना बाहेर जावाले नको," चुडामणची बायको कौसाबाई म्हणाली. "रोट खायेल हात धुवाना पानी सुद्धा आंगणना खड्डामा. मांघला साल भिकुबाईनी कोठे टाकं व्हतं, माले माहीत शे."

"खड्डामाच टाकं व्हतं, जिजी," मगनची बायको भिकुबाई गव्हातून मान न काढता म्हणाली. "बाकी बठ्ठं नदीमा टाकतस, तसं काही टाकं नही."

"नदीमा कोन टाकस?"

"आम्ही नही."

"मंग आम्ही?"

"मी कोठे सांगं, कोनी. माले दखाई ते राख तुम्नी चूलनी शे. बाभूळनी. आम्ही तूरकाठी बायतस."

कौसाबाईने गहू खाली ठेवले. धनुबाईने सूप तिच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "वहिनी, माले एक सांगा. कानबाई तीन व्हयन्यात, तर रोट कितला व्हई?"

"ज्यानं त्यानं."

"तुम्हना घरना पाच पुरुस. पाच ढिगल्या. दोन बायासनी खाई सरी जाई, गानं म्हनाले बी कोनी उरनार नही."

यावर दोघी जावा निवडलेलेच गहू पुन्हा निवडू लागल्या. कानबाईच्या रात्री गाणाऱ्या नऊ बायांमध्ये कौसाबाईचा आवाज सगळ्यात मोठा होता आणि भिकुबाईला सगळी गाणी पाठ होती. एकीशिवाय दुसरीचं काही खरं नव्हतं. हे दोघींना माहीत होतं आणि दोघींनी एकमेकींना कधीही कळू दिलं नव्हतं.

"आमना घरमा कोन ऐकस आमनं," शेवटी कौसाबाई म्हणाली. धनुबाईला तेवढं पुरे होतं. एक भावजय अर्धी वळली होती.

*

रविवारी देवी बसली. रात्र गाण्यांत गेली. सोमवारी सकाळी वाजंत्री पुढे, बाया मागे, आणि कौसाबाईच्या डोक्यावर चौरंगासकट कानबाई, अशी मिरवणूक गल्लीला वळसा घालून मागच्या दाराने नदीवर आली. एकदा उचललेली देवी पाण्यातच टेकवायची, मध्ये कुठे नाही, हा बापूंच्या आधीपासूनचा नियम.

गाळ तिघांनी मिळून इतका मऊ केला होता की तो खाली बसून पायऱ्या आपोआप वर आल्या होत्या. नऊ दिसत होत्या. कौसाबाई एकेक उतरत गेली. नवव्या पायरीवर थांबली.

"पानी कोठे शे?" ती म्हणाली. मान हलवता येत नव्हती, म्हणून तिने हा प्रश्न समोरच्या क्षितिजाला विचारला.

पाणी वर होतं. चुडामणने रविवारी पहाटे आपल्या खुंटीला लागून मातीचा आडवा बांध घातला होता आणि करंगळीएवढी नदी आपल्या बत्तीस हातांत अडवून धरली होती. त्याच्या वाट्यात कमरेएवढं, बऱ्यापैकी नितळ पाणी साचलं होतं. मगनच्या वाट्यात, म्हणजे पायऱ्यांशी, ओला चिखल. उखाच्या वाट्यात कोरडा चिखल.

"दादा, हाऊ बांध काबर?" मगनने विचारलं.

"मन्हा वाटा, मन्हं पानी."

"पायऱ्या आठे शेत."

"पायऱ्या तुन्ह्या. पानी मन्हं. उतरनं व्हई तर आठे या. जागा शे."

"तठे कोनी जावानं नही," भिकुबाई म्हणाली. ती एरवी थोरल्या दिरासमोर बोलत नसे, म्हणून तिने हे वाजंत्रीवाल्याकडे पाहून सांगितलं. "आज त्यास्ना पानीमा गई, तर पुढला साल ती त्यास्नीच व्हयनी."

"मी तीन घागरी लई येस," उखा म्हणाला. "पायरीवर वती देऊ."

"त्याले शिळावनं नही म्हनत," मगन म्हणाला. "त्याले आंघोळ म्हनतस."

"मन्ही मान शे," कौसाबाई क्षितिजाला म्हणाली. "खांब नही."

वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. पलीकडच्या काठावर शेंगा खाणाऱ्याने शेंगा खायच्या थांबवल्या. चुडामण आपल्या पाण्याच्या काठावर हाताची घडी घालून उभा होता. मगन आपल्या चिखलात उभा होता. उखा आपल्या चिखलात. तिघांपैकी एकाचाही पाय खुंटीपलीकडे पडत नव्हता. कोणी खुंटी ओलांडली तर त्याने हद्द मोडली असं ठरलं असतं, आणि हद्द मोडल्याचं भांडण या घरात नातवंडांपर्यंत चालतं.

धनुबाईने तिघांकडे एकदा पाहिलं. मग तिने नऊवारीचा ओचा वर खोचला, उखाच्या हातातलं पावडं काढून घेतलं, आणि उखाच्या वाट्यातून मगनच्या वाट्यात, मगनच्या वाट्यातून चुडामणच्या बांधापर्यंत चालत गेली. गाळ मांडीपर्यंत लागला. चुडामणला वाटलं ती काहीतरी बोलायला येते आहे. बहिणी बोलायला येतात.

तिने पावडं उचललं.

"धनू, तो बांध मन्हा शे."

"शे ना. मी कोठे नही म्हनस."

"हाई हद्द शे. मन्हा वाटामा पाय ठेवनं नही."

"दादा, मन्हा वाटा कोठे शे?"

चुडामणने खुंट्यांकडे पाहिलं.

"वरे शे का? मधमा शे? का उखाना खाले, रंगारीस्ना घाटवर? दिवाईले तुम्ही दोर धरा, तव्हय मी रनाळामा व्हती. माले कोनी ईचारं नही. मी बी ईचारं नही. मन्हा वाटा कोठेच नही. मंग आते मी कोनी हद्द मोडी ऱ्हायनी, तेवढं सांग. मी थांबस."

ती खरंच थांबली. पावडं खांद्यावर ठेवून, उत्तराची वाट पाहत.

"बाई बराबर बोली ऱ्हायनी," पलीकडून आवाज आला.

"तू गप बस," चुडामण पलीकडे ओरडला. त्याने आधी मगनकडे पाहिलं, मग उखाकडे. तिघांच्याही तोंडावर आपण चार माणसांत काहीतरी विसरलो असा भाव होता.

"सांगस का, फोडू?"

"धनुबाई," मागून कौसाबाई म्हणाली, "फोडा."

बांध फुटायला वेळ लागला नाही. चुडामणने घातलेला होता. तिसऱ्या घावाला मधोमध खचला आणि अडलेली पाताळगंगा एकदम खाली आली. खुंट्या उपटल्या, पाणकणसं उपटली, दीड दिवस मऊ केलेला गाळ धुऊन काढत पायऱ्यांवरून गेली. दहावी दिसली, मग तीही बुडाली. मगन कंबरेपर्यंत भिजला. उखा बसला. कौसाबाईने दोन पायऱ्या खाली जाऊन, मान तशीच ताठ ठेवून, गढूळ वाहत्या पाण्यात अकराव्या पायरीवर चौरंग टेकवला. भिकुबाईने पहिलं गाणं उचललं आणि वाजंत्रीवाल्यांना आपलं काम आठवलं.

खुंट्या वाहत रंगाऱ्यांच्या घाटावर गेल्या. त्यांनी त्यावर लुगडी वाळत घातली.

*

दुपारी घरातले रोट खायला बसले. कौसाबाईची मान वर राहिली होती ती अजून खाली येत नव्हती, त्यामुळे ती छताशी बोलत वाढत होती. धनुबाई बाहेर ओट्यावर, भाकरी आणि मिरचीची भाजी घेऊन. पायाला चिखल वाळत होता. रंगाऱ्यांचा म्होरक्या येऊन गेला होता. फार नम्रपणे त्याने सांगितलं होतं की गाळ सगळा त्यांच्या घाटाच्या तोंडाशी ढीग होऊन बसला आहे आणि उद्या संध्याकाळपर्यंत तो तिथे नसला तर बरं दिसेल.

"ज्याना वाटामाईन गया, त्यानी उचलना," आतून मगनचा आवाज आला.

"खुंट्या कोठे शेत आते? कोना कोनता, कसं वळखसू?" हा उखा.

"बांध कोनी फोडा?" हा चुडामण.

धनुबाईने भाकरीचा तुकडा मोडला. "दादा, तुम्ही तरास करी ल्या नका," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "मन्हा पोऱ्याले, लोटनले, मी निरोप धाडा शे. गुरुवारी गाडी लई येस. बठ्ठा गाळ रनाळाले लई जासू. आमनं वरनं वावर नुस्तं खडक शे. तेवढा गाळ पडना तर दोन साल कापूस दखानं काम नही."

आतलं जेवण थांबलं.

"कोनता गाळ?" चुडामणने विचारलं.

"हाऊच. उकिरडाना. राख शे, शेण शे, कुजेल पाला शे. असा गाळ ईकत भेटत नही."

"आपली नदीना गाळ रनाळाले?"

"तुम्हले ते नको शे ना."

"नको असं कोन म्हनं?" मगन म्हणाला. त्याच्या आवाजात ती ओळखीची शंका आली, की समोरच्याने काहीतरी लपवलं आहे.

भाजीला मीठ जास्त झालं होतं, धनुबाई पाणी प्यायली.

त्याच संध्याकाळी चुडामणची गाडी घाटावर उभी होती. मंगळवारी तिन्ही गाड्या होत्या. बुधवारी भावांनी एकमेकांच्या आधी पोचायचं म्हणून कोंबडा आरवायच्या आत बैल जुंपले. रंगाऱ्यांच्या घाटाच्या तोंडाशी होता तो गाळ गेला, पायऱ्यांशी उरला होता तो गेला, कपारीत बोटभर होता तो उखाने खुरप्याने खरवडून नेला. दुसऱ्याला काही राहू नये एवढ्या काळजीने तिघांनी ती नदी साफ केली. खाली वाळू लागली, झिऱ्यांचं पाणी चढलं, तरी मगन आणखी हातभर खणून पाहत होता. बुधवारी दुपारी पलीकडच्या काठावरच्या शेंगावाल्याने कपडे काढले, पात्र ओलांडून आला आणि कोणाला न विचारता सातव्या पायरीवरून उडी मारली. त्याच्या मागे अर्धा मोहल्ला.

*

गुरुवारी लोटन रिकामी गाडी घेऊन आला, आणि आईला घेऊन रिकामीच परत निघाला. "माय, गाळ कोठे शे?" त्याने विचारलं. "मामासना वावरमा," ती म्हणाली. "चाल."

निघण्याआधी ती मागच्या दाराने एकदा नदीवर जाऊन आली. अकरा भरल्या. शेवटच्या पायरीशी, वाळूत, ती बरणी होती. गाळ सगळा गेला, बरणी कोणी नेली नव्हती. तिला खत म्हणता येत नव्हतं. धनुबाईने ती उचलली, लुगड्याच्या पदराने बाहेरून पुसली आणि गाडीत आपल्या मांडीजवळ ठेवली.

तिघंही भाऊ दारात उभे होते.

"ती बरणी कोठे लई चालनी?" चुडामणने विचारलं.

"टाकेल व्हती."

"मन्हा वाटामा व्हती ती."

"शुक्रवारी सकाळले," मगन म्हणाला. "दुपारले मन्हा वाटामा उनी. मी सोता दखी."

"संध्याकाळले कोठे व्हती, ते बी सांगा," उखा म्हणाला.

"मायनी बरणी शे ती, थोरलाले जास."

"मायनी व्हती म्हनीसनच, धाकलाले जास."

धनुबाईने त्यांचं पूर्ण होऊ दिलं. दोर आणायला चुडामण वळलेला तिला दिसला, तेव्हा ती म्हणाली, "कोनी शे, ते तुम्ही सवडीथीन ठरावा. तवपावत रनाळामा राही. पुढला श्रावणमा मी सोता लई येसू."

तिघांनी विचार केला. ठीक वाटलं. दुसऱ्याच्या घरात राहण्यापेक्षा बहिणीकडे राहिलेली बरी.

"पन तिघंसनी समोर देजो," मगन म्हणाला. "एकाना घरमा गुपचूप नको."

"तेच म्हनस मी. मंग कोठे लयसू, ते आज सांगा. एकच जागा सांगा. मी म्हातारी व्हई ऱ्हायनी, बरणी लईसन तीन घर फिरनार नही. जठे कानबाई बसी, तठे उतरसू."

तिघं भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. वेगळ्या तीन कानबाया म्हणजे तीन जागा, आणि तीन जागा म्हणजे बरणी नक्की दुसऱ्याच्याच घरी उतरणार, हे तिघांच्याही मनात एकाच वेळी येऊन पोचलं असावं. धनुबाई गाडीत बसून थांबली. आठ दिवसांत तिला थांबायची सवय झाली होती.

दाराच्या आतून, वरच्या तुळईकडे पाहत, कौसाबाई म्हणाली, "आठेच. दरसालगत. आन आते गाडी हाका, ऊन व्हई ऱ्हायनं."

कोणी नाही म्हणालं नाही. लोटनने बैलांना हाक दिली.

गाडी नदीकाठाने निघाली. पायऱ्यांवर पोरंबाया, पुरुष, दोन म्हशी, आणि या सगळ्यांत मागच्या दाराने येऊन अकराव्या पायरीवर बसलेला उखा रंगाऱ्यांच्या म्होरक्याला सांगत होता की हे सगळं मोजून काम केल्यामुळे झालं. धनुबाईने ऐकलं आणि मान फिरवली. बरणीत डोकावून पाहिलं. तळाशी मूठभर गाळ राहिला होता. पहिल्याच खाचखळग्याला बरणी कलंडायला लागली, तशी तिने ती उचलून मांडीवर घेतली, आणि रनाळ्यापर्यंत तो सांडू दिला नाही.